पाहुण्यांना फुकटात दाखवलेलं सोलापूर

सोलापूर, रविवार, दुपारचे तीन

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या शिवानंदाचा डोकं टेकून नमस्कार (सध्या लांबूनच, तुझा राग उतरेपर्यंत). तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? वळसंगकडे वावटळीत पत्रे उडाले असं ऐकलं, त्यात आपल्या गोठ्याचे नव्हते ना? नातू शिवराजचे दहावीचे पेपर बरे गेले असतील. इकडे मी आणि वैजयंती दोघंही खुशाल आहोत. म्हणजे पत्राच्या वरच्या अंगाला तसं लिहितात म्हणून लिहिलं. खुशाली कितपत आहे ते पुढे वाचशीलच.

आता पत्रच कशाला, असं तू म्हणशील. अक्का, गेल्या तीन आठवड्यांत मी तुला इतके फोन केले की माझा अंगठा दुखतो. आधी तू उचलत नव्हतीस, मग रिंगच जायची बंद झाली. वैजयंती म्हणाली, याला ब्लॉक करणं म्हणतात. तुला मोबाइलवर गजर लावता येत नाही आणि सख्ख्या भावाला ब्लॉक करता येतं? (हे काम शिवराजचं आहे. त्याला सांग, माझ्या लक्षात आहे.) समोर यायची माझी छाती नाही. म्हणून शेजारचे चन्नवीर सर, जे रोज वळसंगच्या शाळेवर जातात, त्यांच्या हाती हे उद्या सोमवारी पाठवतो आहे. ते तुझ्या हातात देऊन लगेच निघतील, त्यांना थांबवून काही विचारू नकोस. त्यांना काही माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते न बोलण्याचं त्यांनी कबूल केलं आहे.

विषय तुला कळलाच असेल. आपल्या काव्याने पुण्यात ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं आहे त्या पृथ्वीराजचे आईवडील काल आमच्याकडे येऊन गेले. फाडू नकोस! अजून तीन पानं आहेत. तो आपल्यातला नाही, त्यांच्या घरात मटण शिजतं, आणि आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही, हे तुझे तिन्ही मुद्दे मला पाठ आहेत. रोज रात्री पाय धुताना मी ते मनात म्हणतो. पण माणसं येतो म्हणाली, तर दार लावून घ्यायचं का? काव्याने आम्हाला एवढंच सांगितलं आहे की दोन्ही घरांतून होकार आला तर लग्न, एका घरातून जरी नकार आला तरी नाही, आणि मग ती कुणालाच काही म्हणणार नाही. हे 'कुणालाच काही म्हणणार नाही' मला झेपत नाही, अक्का. हल्ली ती फोनवर नीट बोलते. 'हो अप्पा, जेवले अप्पा, काळजी घ्या अप्पा.' आपली काव्या! जी मला फोनवर 'ओ कलशेट्टी' म्हणून हाक मारायची ती. पोरगी इतकी नम्र झाली की बापाला घाम फुटतो.

तर मुलाचे वडील महिपतराव आणि आई वच्छलाबाई, राहणार करकंब, ऊस आणि चार म्हशी. शुक्रवारी संध्याकाळी महिपतरावांचा फोन आला. आवाज असा की मी मोबाइल कानापासून वीतभर लांब धरला तरी वैजयंतीला स्वयंपाकघरात सगळं ऐकू गेलं. म्हणाले, "हे बगा शिवानंदराव, अजून व्हय बी न्हाय आन् नको बी न्हाय. आत्ताच जेवणंखाणं, साडीचोळी झाली की मग खरं बोलाया जड जातंय. तवा तुमी आमच्यावर रुपाया घालायचा न्हाय, आमी तुमच्यावर न्हाय. दिसभर संगं हिंडू. मानूस हिंडताना कळतंय. तीस वर्सं सोलापूरला येतोय मी, पर कोर्ट, दवाखाना आन् टायरचं दुकान सोडून काय बगितलं न्हाय. फुकटात काय असंल ते दावा की."

आता सांग, यावर काय बोलायचं? वैजयंतीने पुरणासाठी डाळ भिजत घातली होती, ती तशीच उपसून ठेवावी लागली. आणि मला घोर लागला की सोलापुरात फुकटात बघण्यासारखं आहे तरी काय. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले लिहिण्यात गेली, गाव बघायला सवड कुणाला होती? काव्याला कळवलं, तर तिने कुठल्याशा वेबसाइटवरची यादी धाडली, सोलापुरात फुकट आणि स्वस्तात करण्यासारख्या बारा गोष्टी. लिहिणारा सोलापूरला आलाच असेल तर डिसेंबरात आला असणार, तोही गाडीच्या काचा खाली न करता. 'दुपारच्या निवांत वेळी तलावाकाठी फेरफटका मारा' असं त्यात होतं. एप्रिलात! त्या बारा गोष्टींपैकी मी चार बघितल्या होत्या, त्यातल्या दोन बसच्या खिडकीतून. तरी मी यादी कागदावर उतरवून खिशात ठेवली. तो कागद घामाने नंतर लगदा झाला.

शनिवारी पहिल्या एसटीने दोघं आली. महिपतराव साठीचे, अंगाने दरवाजाएवढे, पांढरा लेंगा, पायांत करकरीत चपला. वच्छलाबाई लहानखुऱ्या, काटक, बोलण्याआधी हसणाऱ्या. हातात दोन पिशव्या. एकीत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि भाजी, दुसरीत स्टीलचा डबा. वैजयंतीने चहा ठेवते म्हटल्यावर वच्छलाबाईंनी तो डबा पुढे केला, "च्याला काय हरकत न्हाय वैनी, पर दूद आमचं घ्या." अक्का, पाहुणे आपल्या घरात स्वतःचं दूध घेऊन आले! वैजयंतीचा चेहरा असा झाला की मी लगेच चपला घातल्या आणि म्हणालो, चला, ऊन व्हायच्या आत किल्ला बघू. ती घरीच राहिली. मागाहून तिने मला मेसेज पाठवला त्यात नुसता एक प्रश्न होता, 'हे लक्षण चांगलं की वाईट?' मला लक्षणं कळत असती तर मी दाखले लिहीत बसलो असतो का?

किल्ल्याच्या दारात तिकीट निघालं. मी फुकट म्हणून नेलं होतं. तिथल्या तिथे माझी अर्धी अब्रू गेली, पण महिपतराव म्हणाले, ज्याचं त्यानं काढू की, आणि तिघांनी तीन रांगा केल्यासारखी आपापली तिकिटं काढली. आत बुरूज, बाग, गार वारा, सगळं बरं चाललं होतं. इतक्यात त्यांनी विचारलं, हे बांधलं कुणी? मी एका राजाचं नाव ठोकून दिलं (कोणत्या ते विचारू नकोस, तसा राजा झालाच नाही). शेजारी सहलीची पोरं उभी होती. त्यातली एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, काका, दारात पाटी आहे, त्यावर वेगळं लिहिलंय. महिपतराव नुसते माझ्याकडे बघून 'हं' म्हणाले. अक्का, त्या 'हं'चा अर्थ मी पुढे पाच तास लावत होतो. जो माणूस किल्ल्याबद्दल खोटं बोलतो तो मुलीच्या वयाबद्दल काय बोलेल, असंच त्यांना वाटलं असणार!

तिथून पूर्व भागात गेलो. माझ्या शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा टॉवेलचा कारखाना आहे, पद्मशाली विणकरांचं घर, आजी-नातवंडं सगळी त्यात. सोळा यंत्रमाग एकदम चालू. तिथे माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. वच्छलाबाई मात्र हरखल्या. कोपऱ्यात त्या घरातली म्हातारी सुताच्या कांड्या भरत होती, या तिच्याजवळ जाऊन फतकल मारून बसल्या. म्हातारी तेलुगूत, या करकंबच्या मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं कळत होतं. दहा मिनिटांत या कांडी भरायला शिकल्या. मला जरा धीर आला. आणि नेमकं तेव्हा महिपतराव माझ्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. खडखडाटातून मला दोन-तीनच शब्द ऐकू आले. 'न्हाय जमायचं बोलाया' की कायसं. त्यातलंही 'बोलाया' मी नंतर जोडलं, तेव्हा ऐकू आलं ते 'न्हाय जमायचं'.

आणि मी काय केलं असेल? मान डोलावली. हसून. जसं काही ते म्हणाले, टॉवेल छान आहेत.

नकार आला, अक्का. किल्ल्यामुळे आला, की दुधामुळे, की माझ्या चेहऱ्यामुळे, देव जाणे. आता काव्याला फोन कोण करणार? आणि ती म्हणणार, 'बरं अप्पा.' नुसतं 'बरं अप्पा'. त्या सोळा मागांच्या मधोमध उभं राहून मी एक विचार केला. आज मला तो शहाणपणाचा वाटत नाही, पण काल वाटला. मला जे ऐकू आलं ते मला ऐकू आलंच नाही असं धरायचं. बाहेर शांत जागी त्यांनी ते पुन्हा स्पष्ट म्हटलं तरच नकार पक्का. आणि त्यांची परतीची गाडी चारची. तोवर त्यांना शांत जागाच मिळू द्यायची नाही! घरी जाऊन चार दिवस विचार करतील, मन बदलेल, वच्छलाबाईंना कांड्या आठवतील. तर चारपर्यंत हिंडवायचं, बसू द्यायचं नाही, श्वास घेऊ द्यायचा नाही.

मग मी जे सोलापूर दाखवलं ते कुणी कुणाला दाखवलं नसेल. आधी सिद्धेश्वर. चालत. तळ्यातला पूल ओलांडून आत गेलो, दर्शन झालं, महिपतराव सावलीचा खांब बघून म्हणाले, "शिवानंदराव, जरा बसू या का? बोलायचं हुतं." मी म्हणालो, देवळात संसाराचं बोलू नये (आमच्या शेजारी दोघं प्लॉटचा सौदा करत होते), आणि प्रदक्षिणा सुरू केली. अकरा. सहाव्या फेरीला त्यांनी मला गाठायचा प्रयत्न केला, पण मी हात जोडून डोळे मिटून चालत होतो. मग महापालिकेची इंद्रभुवन इमारत. ती बाहेरून बघायला काही पडत नाही. भर बारा वाजता रस्त्यावर उभं करून मी त्यांना तिच्या खिडक्या, गच्च्या, नक्षी, एकेक दाखवली. ते तोंड उघडायचे, मी म्हणायचो, आणि तो वरचा कोपरा बघितला का? वच्छलाबाईंनी तिथे पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि नवऱ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला दिसलं. मी ते नकारातच धरलं.

मग चादरींचं दुकान. बघायला कोण पैसे घेतं? आत पंखे, थंड पाणी, गाद्या. मालकाने वीस-पंचवीस चादरी उलगडल्या. वच्छलाबाईंनी एका लाल काठाच्या चादरीवरून हात फिरवला, परत फिरवला, मग स्वतःच तिची नीट घडी घातली आणि बाजूला ठेवली. घ्यायची कशी, रुपया घालायचा नाही ना! मला इतकं वाईट वाटलं की मी पाकिटाला हात घातला, तर महिपतरावांनी माझं मनगट धरलं. आणि धरल्या हातानेच म्हणाले, "हितं निवांत हाय. हितंच बोलू." गादी होती, पंखा होता, दुकानदारानेसुद्धा आवाज बारीक केला होता. मी ताडकन उठलो. म्हणालो, बस चुकेल! कुठली बस, त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. यादीत पुढे तलावाकाठचा फेरफटका होता, म्हणून म्हणालो, कंबर तलाव, तिथे पक्षी असतात.

आता हा तलाव आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणजे सरळ घरी जाता आलं असतं. पण घरी गेलं की बसणं आलं, बसलं की बोलणं आलं. वैजयंतीचा फोन आला, "कुठं फिरवालाव ओ त्यांना? बेचाळीस डिग्री दाखवतंय!" मी म्हणालो, पक्षी बघतोय, आणि फोन बंद केला. पक्षी म्हणजे एक बगळा होता. तो झुडपाखाली सावलीला पाय दुमडून बसला होता आणि आम्हा तिघांकडे दया येऊन बघत होता. दोन वाजले होते. काठावर चिटपाखरू नाही, एक कलिंगडवाली सोडून. महिपतरावांनी माझी वाटच अडवली. म्हणाले, "आता ऐका माझं."

आणि तेवढ्यात वच्छलाबाईंना चक्कर आली.

कशी येते ते सांगतो. आधी कानांत घूं असा आवाज होतो. मग पाण्यावरचं ऊन एकदम हिरवं दिसायला लागतं, जिभेला तांब्यासारखी चव येते, आणि पायाखालची जमीन गादीसारखी मऊ होते (हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं). मग त्या पडल्या. त्या कलिंगडवालीने, तिचं नाव बसम्मा, अक्कलकोटकडची आहे, हातातली सुरी टाकून घागर उचलली आणि ती सगळी डोक्यावर ओतली. आणि कानडीत अशी झाडायला लागली की विचारू नकोस. "बुद्धी इल्लेनु निमग? हुच्च!" अक्कल नाही का तुम्हाला, वेडा कुठला, हे मला होतं, पाहुणीला उन्हात आणल्याबद्दल. महिपतरावांनी विचारलं, काय म्हनत्यात त्या? मी म्हणालो, विश्रांती घ्या म्हणतात. पुढचं मला तितकंसं आठवत नाही. रिक्षा मिळाली असणार, कारण आम्ही घरी पोचलो.

घरी खोलीतल्या पलंगावर, कूलरसमोर, वच्छलाबाई निजल्या होत्या. मीही जवळच होतो. वैजयंती मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत होती. आता बोलू नका, असं मला वाटत होतं, पण माझी पळायची शक्ती संपली होती. महिपतराव खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "शिवानंदराव, सकाळच्यान् तुमी का पळताय? मागावर मी म्हनलो, हितं न्हाय जमायचं बोलाया, भाईर चला. तर तुमी जे सुटलाय! मी हिला म्हनलो, मानसं भली हायती, त्वांडावर नको म्हनाया जमंना म्हनून पळत्यात. आता मुकाट्यानं चारची गाडी धरू. तरी म्हनलं, येकदा इचारून बघावं. नको असंल तर नको म्हना. आमाला राग न्हाय."

अक्का, मी म्हणालो, म्हणजे तुम्हाला पसंत आहे? ते म्हणाले, "आमाला? पोरगी पाडव्याला घरी यून म्हशीची धार काडून गेली की! भ्या सगळं तुमचंच हुतं." आपली काव्या, जिला दुधाची पिशवी कापताना कात्री सापडत नाही, ती करकंबला जाऊन म्हशीखाली बसली आणि मला पत्ता नाही! (याबद्दल मी तिला वेगळं बोलणार आहे. तूही बोल.) मग वच्छलाबाई म्हणाल्या, "वैनी, खोटं कशाला बोलू, मटान शिजतंय आमच्यात. पर ती येईल तवा तिची चूल येगळी, भांडी येगळी. माझी आई माळकरीण हुती, आमच्या चुलीला शिवत न्हवती. मला सवय हाय." वैजयंती उठली, आत गेली, ताटं वाढून आणली. फुकटाचं काय ठरलंय ते तुम्ही पुरुष बघा, म्हणाली. वच्छलाबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांच्या भाकऱ्या आणि आमची शेंगाची चटणी, अशी तोड निघाली. दोघी जमिनीवर मांडीला मांडी लावून जेवल्या. मी आणि महिपतराव नुसते बघत होतो.

निघताना त्यांनी एकच विचारलं, तुमच्यात मोठं कोण? मी म्हणालो, माझी अक्का. आईनंतर आईच्या जागी. मग त्यांनी विचारलं, त्यांचं काय म्हणणं हाय? मी उत्तर दिलं, आणि चारची गाडी गाठायची म्हणून सगळे उठले.

माझं म्हणणं एवढंच आहे, अक्का. तुझे मुद्दे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. मलाही रोज सकाळी ते बरोबर वाटतात. पण मी आयुष्यभर हजारो दाखले लिहिले, त्यात जातीचा रकाना असतो, माणूस कसा आहे याचा नसतो. तो रकाना आपल्यालाच भरायचा असतो. मला काल जमला तेवढा भरून पाठवतो आहे. शिवराजला आशीर्वाद, आणि गोठ्याच्या पत्र्याचं जरूर कळव.

तुझाच,
शिवानंद

ता. क. मी काय उत्तर दिलं ते लिहायचं राहिलं (राहिलं नाही, हात वळत नव्हता). मी म्हणालो, अक्काने तर नाव ऐकताच होकार दिला, आनंदाने डोळ्यांत पाणी आलं तिच्या. का म्हणालो मला माहीत नाही. दिवसभर दमलो होतो आणि ते दोघं इतक्या आशेने बघत होते. त्यावर महिपतराव म्हणाले, मग त्यांच्या पाया पडल्याबिगर पुढचं कसं बोलायचं? तर ते दोघं मंगळवारी सकाळी दहा वाजता वळसंगला तुझ्याकडे येणार आहेत. पत्ता मी लिहून दिला आहे. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे तुझ्याकडे एक दिवस आहे.

ता. क. २. डोळ्यांत पाणी नाही आणलंस तरी चालेल. दार तेवढं उघड. नाहीच म्हणायचं असेल तर त्यांना बसव, पाणी दे, आणि मग मला म्हण. त्यासाठी मला त्या ब्लॉकमधून काढावं लागेल. शिवराजला येतं.

ता. क. ३. वन्सं, मी वैजयंती. पाकीट चिकटवायला माझ्या हातात दिलं म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, एक सोडून. चक्कर वच्छलाबाईंना आली नव्हती, यांना आली होती. त्या बाई दिवसभर ठणठणीत होत्या. घागर ओतली ती यांच्या डोक्यावर आणि पलंगावर होते तेही हेच. मी पाणी पाजत होते, वच्छलाबाई यांचे तळवे चोळत होत्या. डॉक्टर येऊन गेले, रक्तदाब चढला होता, गोळी सुरू केली आहे, आता बरे आहेत. अक्काला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवते.

आणि रिक्षा मिळाली नव्हती. फोन बंद लागला म्हणून मी छत्री घेऊन धावत निघाले, तर रस्त्याने समोरून महिपतराव येत होते, पाठीवर यांना घेऊन. वच्छलाबाई मागून पदर पसरून दोघांवर सावली धरत होत्या. उचलायच्या गडबडीत महिपतरावांच्या चपला तिथेच तलावावर राहिल्या होत्या. डांबर वितळत होतं. जाताना मी यांच्या जुन्या चपला पुढे केल्या, तेव्हा त्यांचे तळपाय दिसले, दोन्हींवर फोड होते. मी बघते आहे हे कळल्यावर म्हणाले, "वैनी, त्यास्नी सांगू नगा, उगं मनाला लावून घ्येतील." मी यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. मंगळवारी ते दारात उभे राहतील तेव्हा आधी खुर्ची द्या. मग होकार की नकार ते तुम्ही ठरवा, तुम्ही मोठ्या आहात.